दुसऱ्या बाजूचं मांजर

आमच्या घरातलं एक कपाट माझं आहे आणि त्यात एकही साडी नाही. त्यात रेकॉर्डी आहेत. त्याही मोठ्या नव्हेत, बशीएवढ्या, एका बाजूला एखादंच गाणं मावेल अशा. ज्यांची गाणी सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत त्या रेकॉर्डी मी घेत नाही, त्यांना सांभाळणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे बियाणं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं शेतकऱ्यांना फुकट वाटलेली कपाशीच्या कौतुकाची रेकॉर्ड आहे. एका पडलेल्या उमेदवाराच्या प्रचाराची आहे. एका डाळमिलवाल्यानं मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला स्वतः भजनं गाऊन काढलेली आहे, आणि तो इतका वाईट गातो की मला तो माणूस आवडायला लागला आहे. आमचे हे म्हणतात, लोकांच्या घरी तव्यावर पोळी असते, आपल्याकडे कपाटात नुसते तवे.

जळगावात लोक सोनं घ्यायला लांबून येतात. मी त्याच गर्दीतून वाट काढत मागच्या गल्लीत भंगारवाल्याकडे जाते. महिन्यातून एखादी चक्कर धुळ्याला. मिळालेली रेकॉर्ड साबणाच्या पाण्यानं धुते, सावलीत वाळवते, एकदा उपाशीपोटी ऐकते आणि एकदा जेवून, आणि मग तिच्यावर इंटरनेटवर लिहिते. चांगलं असेल तर चांगलं, भिकार असेल तर भिकार. गाणारा मेला असला म्हणून मी त्याला सूट देत नाही. वाचणारे फार नाहीत, पण जे आहेत ते भांडायला तयार असतात, आणि मला भांडण लागतंच. माझी सगळी नोकरी विजेच्या बिलांच्या तक्रारी ऐकण्यात गेली आहे. समोरचा माणूस तावातावानं बोलत असला की आधी मीटर तपासायचं, मग माणूस, ही सवय तिथली.

गेल्या हिवाळ्यात मला कानबाईची रेकॉर्ड मिळाली. कानबाई म्हणजे आम्हा खान्देशातल्या लोकांची श्रावणातली देवी. रविवारी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते, आणि तिच्यासाठी सुरतेला गेलेले भाऊबंदसुद्धा गावाकडे परततात. तिचं एक गाणं आहे, ते धुळ्याकडे आणि जळगावकडे मिरवणुकीत हमखास लागतं. संथ चाल, आणि खर्जातला, भरदार पुरुषी आवाज. लहानपणी ते मी भोंग्यावर ऐकलं, नंतर कॅसेटवर, आता ते फोनवर फिरतं. पण त्याची मूळ रेकॉर्ड कुणी पाहिली नव्हती. मी कित्येक वर्षं तिच्या मागावर होते.

ती निघाली धुळ्यात, एका मारवाडी शेठजींच्या दुकानात. लग्नाला लागणारी भांडी, सतरंज्या, मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. आता भोंग्यांना कोण विचारतो, म्हणून मागच्या खोलीत ते पातेल्यांखाली पडले होते आणि त्यांच्यासोबत रेकॉर्डींचा एक पत्र्याचा डबा. डब्यात तळाशी ती होती. लेबलावर वर 'खान्देशी लोकगीत', खाली एका हार्मोनियम मास्तरांचं नाव आणि त्यापुढे 'आणि पार्टी'. मास्तर जाऊनही आता खूप वर्षं झाली. तो आवाज त्यांचाच असं सगळे समजतात. ते स्वतः तसं म्हणाल्याचं कुणी ऐकलेलं नाही, पण नाही म्हणाल्याचंही कुणी ऐकलेलं नाही.

घरी आणून लावली तर बाई गायला लागली.

मला आधी माझ्याच मशीनचा राग आला. या छोट्या रेकॉर्डी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानं लावायच्या असतात, मोठ्या तेहेतीसच्या. तसा खटका असतो मशीनला. मी कागदाचा कपटा रेकॉर्डच्या कडेला ठेवला, घड्याळ समोर धरलं आणि फेऱ्या मोजल्या. मीटर बरोबर होतं. मग खटका तेहेतीसवर नेला. त्याबरोबर बाई खाली खाली उतरली आणि तिच्या जागी आमचा लहानपणापासूनचा पुरुष उभा राहिला, तीच संथ चाल, तोच भरदार खर्ज. परत पंचेचाळीसवर नेला, परत बाई. तरुण, धिटाईनं गाणारी, शब्दाशब्दावर पाय रोवून उभी राहणारी बाई. मी खुर्चीत बसून राहिले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण इतकी वर्षं सगळा मुलूख एका बाईला मिशा लावून ऐकत होता.

मी शेठजींना जाब विचारायला धुळ्याला गेले. ते माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, मला ताई म्हणतात, पण चुकीला चूक म्हणायला वय आड येऊ नये. तुमच्या मशीनचा खटका बिघडला होता का, असं मी विचारलं.

"बिघडला नव्हता. मीच तेहेतीसवर लावायचो."

"का पण?"

"ताई, कानबाईमाय कधी पळस का?" शेठजी धुळ्यात जन्मलेले, रंगात आले की अहिराणीवर येतात. "तिनी चाल धिमी शे. डोक्यावर कानबाई घेऊन बाया चालतात, पुढे फुगडी चालते. पंचेचाळीसवर लावलं तर बाया धापा टाकायच्या. मग मी धिमं केलं. बठ्ठा गावना लोके खूश."

म्हणजे बिघाड नव्हताच, श्रद्धा होती. देवी पळत नाही, तिला घाई नको, म्हणून त्यांनी गाणं मंद केलं, बठ्ठा म्हणजे सगळा गाव खूश झाला, लोकांचे पाय त्याच ठेक्यावर बसले, पुढे कॅसेटी त्यांच्याच मशीनवरून भरल्या गेल्या आणि फोनमध्येही तेच गेलं. आवाज बदलला हे लक्षात नाही का आलं, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, आवाजाकडे कोण बघतंय, मिरवणूक नीट पोचली की झालं. ते इतक्या सरळपणे म्हणाले की मला त्यांच्याशी नीट भांडताही आलं नाही.

परत येऊन मी लिहिलं. पहिल्या बाजूबद्दल स्पष्ट लिहिलं की हा आवाज बाईचा आहे, ती कोण हे लेबलावर नाही, 'आणि पार्टी' या दोन शब्दांत तिला कोंबलेलं आहे. दुसऱ्या बाजूला हळदीचं गाणं आहे, ते भोंग्यावर कधी लागलंच नव्हतं. त्याबद्दल लिहिलं की गाणं पहिल्यापेक्षा सरस आहे, पण मध्येच खोलीत मांजर शिरलेलं ऐकू येतं, आणि त्यानंतर बाई एक विचित्र शब्द पालुपदासारखा घेते, त्याचा अर्थ मला लागला नाही. सोबत दोन्ही बाजूंचे तुकडे ऐकायला ठेवले.

मग जे व्हायचं ते झालं. कानबाईचं गाणं बाटवलं, असं एकानं लिहिलं. आमच्या मास्तरांचं नाव पुसायला निघालात, असं दुसऱ्यानं. मशीन पळवलं की रेड्याचाही आवाज बाईचा होतो, असं तिसरा म्हणाला, आणि त्याला खूप अंगठे मिळाले. लेख काढून टाका म्हणून फोन आले. आमचे हेसुद्धा म्हणाले, जाऊ दे ना, देवाचं आहे. मी म्हटलं, देवाचं आहे म्हणूनच नीट हवं. मी शब्द मागे घेतला नाही. मात्र ही बाई कोण, हे मला सांगता येत नव्हतं, आणि ते मला टोचत होतं.

उन्हाळा सुरू होताना बोदवडहून फोन आला. बोलणारी घरातली सून होती आणि दबक्या आवाजात बोलत होती. तिनं सासूबाईंना माझा लेख वाचून दाखवला होता, कानाशी तोंड नेऊन, कारण त्यांना फार कमी ऐकू येतं.

"ताई, त्या म्हणतात ते गाणं त्यांनी म्हटलंय. त्या नेहमीच म्हणतात, आम्ही हसतो. पण तुम्ही मांजराचं लिहिलंय ना, ते ऐकून त्या चिडल्या. म्हणाल्या, मांजर नही ती, मना आंडोर शे."

आंडोर म्हणजे मुलगा. मी तिला म्हटलं, मी येते. तिनं घाबरून विचारलं की यांना काय सांगू. हे म्हणजे तिचा नवरा, तोच आंडोर. मी म्हटलं, पाहुणी येतेय एवढंच सांग.

मशीन मांडीवर घेऊन मी पॅसेंजरनं बोदवडला गेले. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, शिलाई मशीन का? मी हो म्हटलं, लांबड लावायला मला वेळ नव्हता. माझ्या डोक्यात एकच होतं, त्या सासूबाईंना ते ऐकू येईल का. सुनेनं सांगितलं होतं की डाव्या कानानं काहीच येत नाही आणि उजव्या कानातलंही दिवसेंदिवस जातंय.

सासूबाई, म्हणजे अक्का, पलंगावर बसल्या होत्या. बारीक अंगाची, ताठ बसणारी बाई. मी पाया पडले, त्यांनी माझ्या खांद्यावरच्या मशीनकडेच पाहिलं. सून चहा करायला गेली तेवढ्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. सांगताना त्या अहिराणीत बोलत होत्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, सासर बोदवडचं, आणि इकडची बोली वेगळी. लग्न होऊन आल्यावर त्यांच्या बोलण्याला घरात हसायचे, म्हणून त्यांनी ती बोली मिटवून ठेवली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, तेव्हा रेकॉर्डवाल्या कंपनीची माणसं धुळ्याला आली होती. मास्तरांना गाणारी बाई हवी होती. कापसाच्या गोदामात खिडक्यांना गोधड्या लावून गाणं भरलं. लेकरू तान्हं, ते मांडीवर घेऊनच त्या बसल्या. सासरी कुणाला सांगितलं नाही. त्यांना रेकॉर्ड कुणी दिली नाही, आणि गाणं प्रथम कानावर पडलं ते भोंग्यावरून, पुरुषाच्या आवाजात.

"मी सांगं, हाई मी शे. बठ्ठा हासनात. मंग मालेच वाटे, मी खोटं बोलस का काय."

हे ऐकून मला जो राग आला तो कुणावर काढावा हे मला आजही कळलेलं नाही. अक्कांना हसणाऱ्या सासरच्या वडीलधाऱ्यांवर काढावा तर ते आता नाहीत, शेठजींवर काढावा तर त्यांनी भक्तीनंच केलं. एक धडधाकट बाई स्वतःच्या आवाजाला परकी झाली होती, आणि त्यात कुणाचा डाव नव्हता.

एवढ्यात मुलगा आला. ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे त्याचं, हाताला प्लास्टिकचा वास होता. केस पिकलेले, स्वभाव मोकळा. मी कशाला आले ते कळल्यावर तो हसला, पण वाईट हसला नाही. तो आईवर जीव टाकणारा माणूस होता, तिची थट्टाही त्याच मायेनं करायचा, आणि म्हणूनच ती अक्कांना जास्त लागत असणार. "मॅडम, आईचं ते जुनंच आहे," तो म्हणाला. "मामाच्या गावचं गाणं म्हणून मलाही आवडतं. हे बघा." आणि त्यानं फोनची रिंगटोन वाजवून दाखवली. तोच खर्जातला पुरुष. अक्का खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी मशीन मांडलं. मोठे हेडफोन अक्कांच्या कानांवर बसवले, आवाज पूर्ण वर नेला आणि पहिली बाजू लावली. बाहेर आम्हाला नुसती सुईची खरखर येत होती. आधी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, मी खटका आणि वायर पुन्हा तपासली. मग त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली, नेमक्या वेगात, त्या संथ मिरवणुकीच्या नाही. ओठ हलायला लागले. गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढले नाहीत, दोन्ही हातांनी आणखी घट्ट दाबून धरले.

"हाई मीच शे," त्या मोठ्यानं म्हणाल्या, ऐकू न येणाऱ्या माणसांच्या मोठ्या आवाजात.

मुलाला ते पटलं नाही, आणि त्याचा मुद्दा खोटा नव्हता. मशीन पळवलं की आवाज बारीक होणारच, असं तो म्हणाला. मी कागदाचा कपटा काढला आणि त्यालाच त्याच्या मनगटावरच्या घड्याळावर मोजायला लावलं. त्यानं मोजलं, मान्य केलं. मग म्हणाला, ठीक, बाई आहे, पण आईच कशावरून? मास्तरांकडे गाणाऱ्या काय कमी असतील? आणि मांजराचं तर तुम्हीच लिहिलंय, ते ऐकून ती लेकराचं म्हणत असेल. मी त्याला दोष देत नाही. मीही त्याच्या जागी असते तर असंच अडून बसले असते. मी म्हटलं, बसा खाली, अजून एक बाजू आहे.

हेडफोनची वायर काढली आणि हळदीचं गाणं खोलीत मोकळं सोडलं. दारात सून उभी राहिली. दोन कडवी झाली आणि माझं ते मांजर आलं. बारीक, किरकिरं, मग चांगलं ठसक्यात. या वेळी ते मांजर वाटण्याची काही सोयच नव्हती. मी ते मांजर कसं ऐकलं होतं कोण जाणे. गाणाऱ्या बाईनं ओळ अर्धी सोडली नाही. तिनं तीच चाल ठेवली, तोच ठेका, आणि हळदीच्या शब्दांच्या जागी 'उगी उगी' घातलं, आणि मग तो शब्द, जो मी पालुपद समजून बसले होते. तो शब्द तिनं पुन्हा पुन्हा घेतला, आवाज खाली आणत, लेकराच्या कानात सांगावा तसा. रडणं थांबलं. बाई हळदीवर परत आली.

मुलगा खुर्चीवरून उठला होता. तो शब्द म्हणजे त्याचं नाव होतं. कागदावरचं नाही, आजोळी आजीनं ठेवलेलं लाडाचं. ते त्याच्या दुकानात कुणाला ठाऊक नाही, बायकोलाही लग्नानंतर खूप उशिरा कळलं, आणि आजी गेल्यापासून त्या नावानं त्याला एकच माणूस हाक मारतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यानं तसं बजावलं आहे.

"परत लावा," तो म्हणाला.

मी सुई उचलून तिथेच परत ठेवली. जुन्या रेकॉर्डवर असं करू नये, ओरखडा पडतो, मी इतरांना यावरून फाडून खाते. त्या दिवशी तो म्हणेल तितक्या वेळा ठेवली. मध्येच त्याचा फोन वाजला आणि खोलीत तो खर्जातला पुरुष सुरू झाला. त्यानं खिशात हात घालून तो बंद केला आणि फोन उंबऱ्याकडे सुनेच्या हातात देऊन टाकला.

अक्कांना या बाजूचं फार काही ऐकू आलं नव्हतं. त्या गाण्याकडे बघतच नव्हत्या, मुलाकडे बघत होत्या. तो पलंगापाशी खाली बसला आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलला. इतकं मोठ्यानं की गल्लीत गेलं असेल.

"आई, मी रडलो म्हणून तुझं गाणं बिघडलं का गं?"

त्यांनी त्याच्या पिकलेल्या केसांतून हात फिरवला.

"बिघडनं नही. तो मशीनवाला हात हालाई हालाई सांगे, थांब, थांब. तू रडना. पन मी थांबनू नही."